गाडीला ओटा

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला, गुडघ्याच्या सांध्यात दोन हाडांमधली जागा कशी कमी झाली आहे ते पेनाच्या टोकानं दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, मांडी घालून बसणं कमी करा. उकिडवं तर आता अजिबात बसायचं नाही." बेचाळिसाव्या वर्षी हे ऐकलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी मनात मोजत होते, काय काय जाणार. पंगत जाणार. शाळेत पहिलीच्या पोरांशेजारी सतरंजीवर बसणं जाणार. वेळाअमावस्येला शेतातल्या कोपीसमोर बसून आंबिल पिणं जाणार. आणि खाली उभी असलेली गाडी दिसली तेव्हा लक्षात आलं, हिचंही सगळं आता दुसऱ्याच्या हातात जाणार.

मी लातूरला राहते आणि रोज बावीस किलोमीटरवरच्या जिल्हा परिषद शाळेत अ‍ॅक्टिव्हानं जाते. शेवटचे सहा किलोमीटर काळ्या मातीतला रस्ता. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ, पावसाळ्यात चिकटा, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती अशी बसते की गाडी ढकलणं मुश्कील होतं. अशा रस्त्यावर गाडीची निगा आठवड्याच्या आठवड्याला करावी लागते. एअर फिल्टरची धूळ, मागच्या ब्रेकचं ताणणं, प्लग, इंजिन ऑइल, आणि बहुतेक जण विसरतात ते मागच्या चाकाजवळचं गियर ऑइल, जेमतेम शंभर-सव्वाशे मिली लागणारं. हे सगळं मी स्वतः करत आले. पैसे वाचतात हे खरं, पण तेवढ्यासाठी नाही. ज्या गाडीच्या भरवशावर मी निर्मनुष्य रस्त्यानं जाते, तिच्या पोटात काय चाललंय ते मला ठाऊक असावं असं मला वाटतं. रविवारी सकाळी हातांना ऑइलचा वास लागला की आठवडा नीट लागल्यासारखा वाटतो.

पण स्कूटर ही मुळातच बुटकी वस्तू. मोटारसायकलचं इंजिन निदान बाकड्यावर बसून दिसतं. स्कूटरचं सगळं काही खाली, मागे, आणि प्लास्टिकच्या आड. मी एकदा टेप लावून पाहिला. दहा इंची चाकाचा आस जमिनीपासून साडेआठ इंचांवर. ऑइल सोडायचा बोल्ट तर एका वितीच्याही आत. डबल स्टँडवर घेतली की मागचं चाक दोन-तीन बोटं उचललं जातं, बस्स. म्हणजे ज्या वस्तूला हात घालायचा ती घोट्याच्या उंचीवर आणि डोळे साडेचार फुटांवर. मधलं अंतर कुणीतरी भरून काढायचं. ते आजवर माझे गुडघे भरत होते. उकिडवं बसायचं, मान तिरकी करायची, एक हात फरशीवर टेकायचा आणि दुसऱ्या हातानं पाना फिरवायचा. उठताना सीटला धरून उठायचं. वीस वर्षं हे करताना त्यात काही चुकतंय असं कधी मनातही आलं नाही.

डॉक्टरांकडून आल्यावर पहिले दोन महिने मी गाडी गॅरेजला दिली. मग राहवेना. स्टुलावर बसून करून पाहिलं. स्टुलावर बसलं की कमरेतून इतकं वाकावं लागतं की गुडघ्याचं दुखणं पाठीत जातं. मग विटा आणल्या. चार-चार विटांचे दोन थर, त्यांवर सागाची जुनी फळी, आणि लेकीच्या मदतीनं गाडी वर चढवली. आठच इंच वर आली होती, पण तेवढ्यानंही केवढा फरक पडतो हे दिसलं आणि माझा हुरूप वाढला. मी गडबड केली. सायलेन्सरचा घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला लांब पाना लावला आणि जोरानं ओढला. बोल्ट हलला नाही, फळी हलली. विटा सुट्या होत्या, एक सरकली आणि गाडी माझ्या अंगावरच कलली. मी मागे सरले म्हणून वाचले. ब्रेकची मूठ तुटली, आरसा फुटला, माझी नडगी सोलून निघाली. लेक भेदरून भिंतीला चिकटून उभी होती. तिच्याकडे पाहिल्यावर मला माझ्या नडगीपेक्षा जास्त लागलं.

आई आवाज ऐकून बाहेर आली. तिनं आधी माझा पाय पाहिला, हळद आणली. मग आडव्या पडलेल्या गाडीकडे बघत म्हणाली, "विटावर कामून चढवायलीस? सैपाकाला वटा केलास की घरात. मग गाडीला नको व्हय?"

मला ते लगेच कळलं नाही. रात्री कळलं.

आमच्या आईनं आयुष्याची चाळीस वर्षं चुलीसमोर जमिनीवर काढली. चूल खाली, काटवट खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. लातूरला घर बांधलं तेव्हा मी स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा घातला. आई आली आणि चार दिवस रुसून बसली. उभं राहून कसला स्वयंपाक, भाकरीला हात बसत नाही, म्हणाली. तिचं एक म्हणणं मात्र खरं होतं, आणि ते मला स्वतः ओट्यावर भाकरी थापेपर्यंत पटलं नव्हतं. ओटा तेहेतीस इंचांचा. भाजी चिरायला, निवडायला, दूध तापवायला उत्तम. पण ज्वारीचं पीठ मळताना अंगाचा भार हातांवर द्यावा लागतो, आणि ओटा कोपराजवळ आला की भार येतो कुठून? खांदे उचलले जातात, दंड भरून येतात. शेवटी गवंड्याला परत बोलावून ओट्याच्या शेवटी दोन फूट जागा पाच इंच खाली घेतली. ती आईची भाकरीची जागा. तिथं ती रोज उभी राहून सहा-सात भाकरी थापते, आणि आता तिला खाली बसवून दाखवा म्हटलं तर बसत नाही.

कामाच्या उंचीचं सगळं शास्त्र मला त्या पाच इंचांत समजलं. बारीक, नजरेचं काम असेल तर जागा कोपराला लागून किंवा किंचित वर हवी. हलकं काम असेल तर कोपराच्या थोडी खाली. आणि जोर लावायचं काम असेल तर आणखी खाली, म्हणजे अंगाचं वजन आपोआप कामाला येतं. शिंप्याचं मशीन, सुताराचं टेबल, सोनाराची बैठक, सगळीकडे हेच. पुढे मी हे वाचलंही, पण वाचण्याआधी आईनं ते रुसून मला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना आई म्हणाली, "तुझे अण्णा बी वरच चढवायचे. ढाळजंवर."

आणि मला एकदम सगळं दिसलं. फळी, दोन सालगडी, आणि वर उभी हिरवट चेतक.

आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या बाजूचं. दगडामातीचा वाडा, वर माळवद. दरवाजातून आत शिरलं की मधे बैलगाडी जाईल एवढी वाट आणि दोन्ही बाजूंना अडीच फूट उंच ढाळज, म्हणजे बसायचे ओटे. पुरुषमाणसं तिथं बसायची, पाहुणे तिथं टेकायचे, धान्याची पोती तिथं पडायची. अण्णा, माझे वडील, शाळेत गुरुजी. त्यांनी १९८९ मध्ये जुनी चेतक घेतली, कुणाकडून तरी, हप्त्यानं. नव्या गाडीसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. बजाजनं चेतक १९७२ मध्ये आणलेली. आणि १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या लोकांना ती कंपनी अर्धी आपलीच वाटायची. आमच्या गावातली दोन पोरं तिथं कामाला लागली होती. ती सणाला आली की अण्णा त्यांना घेऊन गाडीभोवती उभे राहत.

दिवाळीच्या आधी चेतकचं मोठं काम निघे. दोन सालगडी फळी लावून ती ढाळजेवर चढवत. अण्णा खाली वाटेत बनियनवर उभे, आणि इंजिन त्यांच्या पोटाशी. समोरच्या ढाळजेवर बारदान अंथरलेलं, त्यावर पाने, पक्कड, पेट्रोलची वाटी, काचपेपर. मी सहा-सात वर्षांची असेन. मीही ढाळजेवर, गाडीच्या शेजारी, म्हणजे माझे आणि अण्णांचे डोळे एका रेषेत. ते हात पुढे करायचे आणि मी पाना द्यायची. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिली ऑइल घालायचं, त्यामुळे सायलेन्सरमध्ये काजळी साठून गाडी गुदमरायची. मग सायलेन्सर काढून गोवऱ्यांच्या आरात टाकायचा, आतली काजळी जळून जायची, आणि काठीनं ठोकून झटकायचा. तो जळका वास अजून नाकात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही औशाला मामाकडे होतो. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन, ते पाहायला म्हणून गेलेलो. चारच्या सुमाराला जमीन हलली. अण्णा सकाळी गावाकडे गेले. वाडा राहिला नव्हता. दोन-अडीच फुटांच्या दगडी भिंती, चिखलात रचलेल्या, आणि डोक्यावर माळवदाची हातभर माती. ती सगळी खाली बसली होती. आम्ही घरी नव्हतो म्हणून आम्ही राहिलो. शेजारचं घर भरलेलं होतं. त्याबद्दल अण्णा पुढे कधी बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

चेतक पंधरा दिवसांनी ढिगाऱ्याखालून निघाली. हँडल वाकलेलं, दिवा चेपलेला, इंजिनावरच्या पत्र्याला हातभर पोचा. अण्णांनी ती दुरुस्त करून पुढे तेरा वर्षं चालवली. पण पुनर्वसनात मिळालेलं घर सपाट होतं. रस्ते रुंद, घरं एका ओळीत, भिंती पक्क्या, ढाळज नाही. तिथून अण्णा खाली बसायला लागले. अंगणात पोतं टाकून, उकिडवे. मी मोठी झाले ती हे बघत, आणि गाडीचं काम असंच करतात हे धरून चालले. ढाळज पडल्यामुळे अण्णा खाली बसले होते, हे माझ्या मनातून पुसलंच गेलं होतं. आईच्या मनातून नाही.

तेव्हा मी ठरवलं, गाडीला ओटा बांधायचा. सुटा नाही, फळ्यांचा नाही, पक्का.

गॅरेजमध्ये हवेवर चालणारे लिफ्ट असतात ते मी पाहिले होते. कॉम्प्रेसरवर चालतात, गाडी दोन मिनिटांत छातीपर्यंत वर येते. माझ्या एका गाडीसाठी तो खर्च आणि ती जागा मला शक्य नव्हती. शिवाय माझ्या अंगणात मागच्या बाजूला चौदा फूट लांबीची पट्टी रिकामी होती.

गवंडी आला आणि त्यानं खडूनं कुंपणाच्या भिंतीला लागून आखणी केली, भिंतीचा आधार मिळेल म्हणून. मलाही ते बरोबर वाटलं. लातूरच्या मधल्या गोल बाजारपेठेच्या, गंजगोलाईच्या बाजूला, तिला मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्याच्या तोंडाशी ज्या चाचांकडे मी अवघड कामं नेते, त्यांना मी आखणी दाखवायला बोलावलं. त्यांनी एका नजरेत ती पुसायला लावली. "ताई, सायलेन्सर उजवीकडे, मागचं चाक उजवीकडूनच निघणार. बेल्ट, किक, फिल्टर डावीकडे. भिंतीला चिकटवली तर अर्धी गाडी भिंतीलाच दाखवणार का?" मग आम्ही ओटा भिंतीशी काटकोनात घेतला. फक्त पुढचं चाक भिंतीकडे, दोन्ही कुशी मोकळ्या.

उंचीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. माझी उंची पाच फूट एक इंच, कोपर जमिनीपासून अडतीस इंचांवर. गाडीचा आस साडेआठ इंचांवर. ओटा तीस इंचांचा केला तर आस बरोबर कोपराशी येतो, बारीक कामाला उत्तम. पण तिथं नट आवळायला जोर येणार नाही, आणि हँडल डोक्याच्या वर जातं. अठरा इंच केला तर पुन्हा वाकणं आलं. मी आईच्या भाकरीच्या जागेशी उभी राहून बघितलं, विटा रचून बघितलं, शेवटी बावीस इंचांवर थांबले. आस साडेतीस इंचांवर येतो, म्हणजे कोपराच्या एक वीतभर खाली. प्लग आणि फिल्टर आणखी वर येतात, ते नजरेचं काम, ते कोपराजवळच हवं. ऑइलच्या बोल्टसाठी स्टुलावर बसलं की तो डोळ्यांसमोर.

चढणीचा हिशेब मी शाळेत सातवीच्या पोरांना फळ्यावर घालून दिला. गाडी साधारण एकशे आठ किलोची. बावीस इंच चढायचंय. चढण चार फुटांची केली तर पन्नास किलोच्या आसपास जोर लावून ढकलावं लागेल. सात फुटांची केली तर अठ्ठावीस किलो. काम तेवढंच, पण लांब चढणीवर ते थोडं थोडं होतं. एका पोरानं लगेच विचारलं, मग दहा फुटांची का नाही? अंगण संपतं म्हणून, म्हटलं. सात फूट चढण आणि साडेसहा फूट ओटा. गाडी सहा फुटांची, त्यामुळे तेवढं पुरतं.

पण फळी नको होती, कारण अरुंद फळीवरून गाडी चढवायची तर ढकलणारी मी जमिनीवर राहते, आणि गाडी जसजशी वर जाते तसं हँडल माझ्या खांद्याच्या वर. तोल गेला तर आवरणार कशी? अण्णांना दोन सालगडी होते. मला गाडीच्या बरोबरीनं चालत वर जाता आलं पाहिजे. म्हणून चढणही पक्की, साडेतीन फूट रुंद, वर काँक्रीट ओलं असतानाच तारेच्या ब्रशानं आडव्या रेघा ओढलेल्या, पाय आणि टायर घसरू नयेत म्हणून. ओट्यावर शहाबादी फरशी, पण पॉलिश न केलेली. उजव्या काठाला दोन इंच कड, चाक चुकून खाली उतरू नये म्हणून. आणि इंजिनाच्या बरोबर खाली फरशीत एक फूट लांबीची खाच, आरपार, तिच्याखाली घमेलं सरकवलं की ऑइल सरळ त्यात. ही खाच चाचांची कल्पना. गवंडी म्हणाला, चांगल्या ओट्याला भोक कामून पाडायलात? पण पाडली.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती. डबल स्टँड लावताना पायानं दाबावा लागतो, आणि गाडी मागे सरकत स्टँडवर चढते. म्हणजे एक तर मला ओट्यावरच उभं राहायला जागा हवी, आणि दुसरं म्हणजे मागे तीन-चार इंच सोडावे लागतात. रुंदी होती म्हणून निभावलं. उतरायला डाव्या बाजूला नंतर एक पायरी बांधून घेतली.

भिंतीत कडी बसवायची होती, हँडल दोन्हीकडून दोरीनं ताणून बांधायला. मी बाजारातून आणणार होते. आईनं तिची ट्रंक उघडली आणि कापडात गुंडाळलेली एक लोखंडी कडी काढून माझ्या हातात दिली. वाड्याच्या दावणीची. बैल बांधायची. अण्णांनी ढिगाऱ्यातून आणलेली, आणि त्यांच्या माघारी आईनं जपून ठेवलेली. मला ती तिथं वापरावीशी वाटत नव्हती. मी म्हटलं, देवघरात ठेवू. आई म्हणाली, "कडी बांधायला असती. ठिवून काय करायची?" गवंड्यानं ती सिमेंटमध्ये हातभर आत घेऊन बसवली.

एकवीस दिवस पाणी मारलं. उन्हाळा होता, टँकरचे दिवस होते, लातूरकरांना मी पाण्याबद्दल काय सांगावं. ज्या शहरानं २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी येताना पाहिलं आहे, त्या शहरात बांधकामाला पाणी मारताना हात कचरतो. भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवून ते मारलं, वर ओली पोती टाकून ठेवली.

पहिल्यांदा गाडी चढवली तेव्हा यजमान मागून ढकलत होते, लेक दुसऱ्या बाजूनं सीटला धरून. इंजिन बंद. काही जण इंजिन चालू ठेवून थोडा रेस देत चढवतात, मला ते नको वाटतं. गाडीनं एकदम उसळी घेतली तर वर भिंत आहे. हळूहळू, ब्रेकवर बोट ठेवून, सात पावलांत गाडी वर. स्टँड लावला, पुढच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी पाचर, कडीला दोरी. मी खाली उतरले, पायरीवरून, आणि गाडीसमोर उभी राहिले. ताठ उभी.

मग मी बघत राहिले. आठ वर्षं ही गाडी माझ्याकडे आहे, आणि तिची ही बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. हातानं चाचपली होती, पाहिली नव्हती. स्टँडच्या रबराला गेलेली चीर. गियर ऑइलच्या झाकणाभोवती ओलसर धुळीचा थर, म्हणजे तिथून बारीक झिरपतंय. आणि मागच्या ब्रेकची केबल. जिथं ती चाकाजवळच्या दांडीला जोडली जाते तिथं तिच्या तारा उसवलेल्या, पिळातल्या निम्म्याहून जास्त तुटलेल्या. तो नट मी दर पंधरा दिवसांनी खाली बसून, चाचपून, दोन फेरे आवळत होते. ब्रेक सैल का होतोय याचा विचार न करता आवळत होते. उरलेल्या चार-सहा तारांवर मी रोज चव्वेचाळीस किलोमीटर जात-येत होते, कधी लेक मागे बसलेली असताना. माझ्या हातापायांतली ताकद गेली. तिथंच पायरीवर बसले.

ती केबल मी त्याच दिवशी बदलली. जुनी अजून खिळ्याला टांगून ठेवली आहे.

आता सहा-सात महिने झाले. चुकत-माकत काही गोष्टी बसल्या आहेत. घट्ट नट आधी खाली, दोन्ही चाकं जमिनीवर असताना, ब्रेक दाबून ढिले करायचे. वर गेल्यावर फक्त सोडवायचे. मागच्या फळीनं ते मला चांगलं शिकवलंय. पुढचं चाक काढायचं असेल तर पायदानाखाली लाकडी ठोकळा दिल्याशिवाय हात लावायचा नाही, कारण चाक निघालं की गाडी नाकावर येते. ऑइल काढायचं तर आधी गल्लीतून एक फेरी मारून यायची, कोमट ऑइल गाळासकट उतरतं. जुनं ऑइल नालीत ओतायचं नाही, डब्यात भरून चाचांकडे, त्यांच्याकडून ते गोळा करणारा घेऊन जातो. आणि उतरवताना गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही. बाजूनं धरायचं, मागून अडवायचं नाही.

लेक नववीत आहे. विटांच्या त्या प्रसंगानंतर ती गाडीच्या कामाजवळ यायला तयार नव्हती आणि मी तिला बोलावलंही नाही. एका रविवारी मी प्लग काढत होते. ती पुस्तक घेऊन ओट्याच्या कडेला येऊन टेकली. खाली बसून काम करत असते तर तिला माझी पाठ दिसली असती. उभी होते म्हणून हात दिसले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे पांढरट का झालंय?" मी सांगायला सुरुवात केली. प्लगच्या टोकाचा रंग बघून आत पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण कसं आहे ते कळतं. काळं झालं तर पेट्रोल जास्त, फार पांढरं झालं तर कमी, आणि फिकट तपकिरी असेल तर ठीक. सांगता सांगता माझा हात पुढे गेला, आणि तिनं मी न मागता प्लगचा पाना माझ्या हातात ठेवला.

इतर दिवशी तो ओटा आईचा. कुरडया, सांडगे, वाळवण सगळं त्यावर. रविवारी सकाळी आम्हाला परवानगी मागावी लागते.

परवा चाचा आले होते, बेल्टचा आवाज ऐकायला. मी बोलावलं तेव्हा ते हातात बसायचा पाट घेऊनच आले. त्यांच्या दुकानात तो पाट आहे, चार बोटं उंचीचा, बसून बसून मध्ये खोलगट झालेला. ओट्यापाशी आल्यावर त्यांनी तो खाली ठेवला, आणि मग गाडीकडे बघून परत बाजूला सरकवला. उभ्यानं डावीकडचं झाकण काढलं. बेल्ट बोटांनी दाबून पाहिला, रोलर तपासले, आतली धूळ फडक्यानं पुसली. वीस मिनिटं लागली असतील. काम संपल्यावर ते नेहमी एक हात गुडघ्यावर आणि एक हात गाडीवर ठेवून, "या अल्ला" म्हणत उठतात. मी सवयीनं पुढे झाले, त्यांना हात द्यायला. ते उभेच होते. त्यांनाही ते त्याच क्षणी जाणवलं असावं, कारण ते जरा थांबले. चहा आणला तर उभ्यानंच घेतला. मग म्हणाले, "चालीस साल हुए ताई. नीचे बैठकेच."

त्यांचं दुकान रस्त्याच्या कडेला, नालीवरच्या फरशीपुढे. तिथं पक्कं काही बांधता येत नाही, बांधलं तरी उद्या उचलतील. मी म्हटलं, लोखंडी करा, अँगलचा, दोन भागांत सुटा होणारा. सकाळी जोडायचा, रात्री शटरच्या आत. एमआयडीसीत वेल्डर माझ्या ओळखीचा आहे. ते काही बोलले नाहीत. कप ठेवला आणि ओट्याच्या कडेवर वीत टाकून मोजायला लागले. तीन विती भरायला थोडं कमी. मग सरळ उभे राहिले, कोपर दुमडून अंगाला लावलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. उंच माणूस, पाच फूट दहा इंचांच्या घरातला. माझा ओटा त्यांना कमीच पडत होता, वीस मिनिटं ते मान वाकवूनच उभे होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

लेकीनं घरातून खडू आणला. कडीखालच्या भिंतीवर तिनं ओट्याच्या उंचीची एक रेघ मारली, आणि चाचा हातानं दाखवत गेले तसतशी वर सरकत दुसरी. टेप लावला. सत्तावीस इंच. चाचांनी स्वतः खडू घेतला आणि ती रेघ पुन्हा एकदा गडद केली.